पाच अश्वशक्तीची मिनीबाइक: गॅरेजमधल्या दुरुस्तीच्या नोंदी

१४ ऑक्टोबर २०२३

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसच्या उत्तरेला एका शेतघरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीत ही मिनीबाइक, म्हणजे लहान चाकांची बुटकी मोटरसायकल, ८० डॉलरना मिळाली. एक इंची नळीची चौकट, सहा इंची चाके, भेगाळलेले टायर, जखडलेला क्लच, उंदरांनी पोखरलेली सीट आणि ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे पाच अश्वशक्तीचे, आडव्या शाफ्टचे इंजिन, एवढा ऐवज आहे. ओहायोत अशी गाडी हाती लागली की आधी ती मिनीबाइक बनवणाऱ्या रप कंपनीची असावी अशी आशा वाटते, कारण रपचा कारखाना इथून तासाभराच्या अंतरावर मॅन्सफील्डला होता आणि त्याचे मालक मिकी रप हे १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत स्वतः गाडी चालवून सहावे आले होते. परंतु या चौकटीवर कोणत्याही कंपनीचा शिक्का किंवा क्रमांक नाही. त्या काळात सीअर्स आणि माँटगोमेरी वॉर्ड यांच्या कॅटलॉगमधूनही मिनीबाइक विकल्या जात, आणि लहानसहान कारखाने गो-कार्टचीच चाके, क्लच व इंजिने घेऊन चौकटी जोडत. त्यांपैकीच ही एक असावी. मला त्याचे वाईट वाटत नाही. नामांकित गाडीचा प्रत्येक बोल्ट मूळचाच हवा असा आग्रह धरावा लागतो आणि तिथेच खिसा रिकामा होतो. बिननावाच्या गाडीला ती सक्ती नसते.

इंजिनाची जन्मतारीख मात्र पत्र्याच्या आवरणावर ठोकलेली आहे. मॉडेल १३०२०२, यातले पहिले दोन आकडे म्हणजे ढोबळ घनइंच. प्रत्यक्षात हे १२.५७ घनइंचांचे, म्हणजे २०६ सीसीचे इंजिन आहे. कोड ७४०३१२ ने सुरू होतो, आणि ब्रिग्जच्या पद्धतीप्रमाणे त्याचा अर्थ १२ मार्च १९७४ असा होतो. अर्थात आवरण बदललेले असू शकते, त्यामुळे ही तारीख गाडीची म्हणून मी सांगणार नाही.

गाडीच्या किमतीसह एकूण खर्च २५० डॉलरच्या आत ठेवायचा आहे. पैसे खर्च करण्याचा क्रमही आजच ठरवून ठेवतो: प्रथम थांबवणाऱ्या गोष्टी, नंतर फिरणाऱ्या गोष्टी आणि सर्वांत शेवटी दिसणाऱ्या गोष्टी. मोजमाप केल्याशिवाय कोणताही भाग मागवायचा नाही.

१५ ऑक्टोबर

सर्व बाजूंनी छायाचित्रे काढली, विशेषतः इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या स्प्रिंगा कोणत्या भोकात अडकवल्या आहेत त्यांची. ही जोडणी पुस्तकात पाहून कळत नाही. त्यानंतर मळी खरवडून गाडी धुतली.

२२ ऑक्टोबर

क्लच शाफ्टवर गंजाने घट्ट बसला आहे. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल समप्रमाणात मिसळून ते दोन रात्री मुरवले. हे मिश्रण चटकन वेगळे होते, म्हणून प्रत्येक वेळी हलवून घालावे लागते. तरीही क्लच हलला नाही. इचलकरंजीला यंत्रमागांवर फिटर म्हणून उभी हयात घालवलेल्या मामांना व्हिडिओवर दाखवले. ते म्हणाले, "अरे, ठोकू नकोस त्याला. क्रँकला मार बसला की संपलं. तापव, गार होऊ दे, पुन्हा तापव, मग ओढ." ॲसिटोन पूर्ण उडून जाईपर्यंत दोन दिवस थांबून, पेट्रोलची टाकी आधी बाहेर नेऊन, मग टॉर्च लावला. तिसऱ्यांदा तापवल्यावर पुलरने क्लच सुटला आणि शाफ्टवरची चावीची खाच शाबूत निघाली. क्लचच्या आतले शू जाड आहेत, स्प्रिंगा धड आहेत आणि बुश थोडेसेच झिजले आहे. हा क्लच पुन्हा वापरता येईल.

२८ ऑक्टोबर

आज इंजिन ठेवायचे की बदलायचे याचा निकाल लावायचा होता. हार्बर फ्रेट या अवजारांच्या दुकानात २१२ सीसीचे नवे प्रेडेटर इंजिन स्वस्तात मिळते आणि ते या चौकटीत थोड्याफार खटपटीने बसते, त्यामुळे बहुतेक जण जुने इंजिन भंगारात देऊन मोकळे होतात. माझ्या मते कनेक्टिंग रॉड, क्रँक आणि सिलिंडर ठणठणीत असतील तर ते करण्याचे कारण नाही, कारण बाकीचे दोष दहा-वीस डॉलरचे असतात.

या इंजिनांत सुरू करणे सोपे जावे म्हणून दाब थोडा निसटू देणारा उतार इनटेकचा, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारा, व्हॉल्व्ह उचलणाऱ्या कॅमवर ठेवलेला असतो, त्यामुळे सरळ फिरवून दाबाचा अंदाज येत नाही. फ्लायव्हील हाताने उलट दिशेला झटकून फिरवावे लागते. इंजिन चांगले असेल तर ते दाबावर आपटून जोरात मागे येते. हे आले. तळाचा बूच काढला तेव्हा काळेकुट्ट ऑइल निघाले, पण त्यात धातूचा कण नव्हता. क्रँक वरखाली किंवा आतबाहेर अवाजवी हलत नाही. इंजिन राहणार.

ठिणगी मात्र अजिबात नाही.

४ नोव्हेंबर

शेजारच्या निवृत्त पाइप-फिटर गृहस्थांकडे एक मोडकी टिलर, म्हणजे माती उकरण्याचे यंत्र, पडून होती. तिचे इंजिन याच घराण्याचे, परंतु १९८० च्या दशकाच्या मध्याचे. ऑइल संपलेले असताना कोणीतरी चालवल्यामुळे तिचा रॉड तुटून क्रँककेसला भोक पडले होते. या इंजिनांत ऑइलचा पंप नसतो आणि फिल्टरही नसतो; रॉडच्या खालच्या टोकाला एक पळी असते, ती ऑइलमध्ये बुडते आणि ते सगळीकडे उडवते. पातळी थोडी खाली गेली की पळी कोरडी फिरते आणि सर्वांत आधी रॉड जातो. टिलर त्यांनी फुकट दिली, "शेडमधली जागा मोकळी कर म्हणजे झालं," एवढीच अट घातली. सिलिंडर हेड, ओढदोरीचा स्टार्टर, फ्लायव्हील आणि इग्निशन कॉइल हे सर्व धडधाकट आहे. स्वस्तात काम करायचे असेल तर सुटे भाग शोधत बसण्यापेक्षा त्याच जातीचे मेलेले इंजिन शोधणे केव्हाही श्रेयस्कर.

११ नोव्हेंबर

आज ठिणगीचा शोध पूर्ण झाला. जुन्या फ्लायव्हीलखालची, ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्ट पॉइंटची डबी उघडली तर आत ऑइल होते. पॉइंट उघडणारी दांडी ज्या भोकातून येते ते झिजले की क्रँककेसमधले ऑइल वर चढते, पॉइंटवर त्याचा पातळ थर बसतो आणि वीज अडते. पॉलिश पेपरने पॉइंट घासून २० थाऊचे अंतर, म्हणजे इंचाच्या एक हजार भागांपैकी वीस भाग, ठेवले असते तर ठिणगी आजच्यापुरती आली असती, पण ऑइल पुन्हा येतच राहिले असते. भोक मोठे करून नवे बुश बसवणे हे खराद्याचे काम आहे आणि त्याची मजुरी माझ्या अंदाजपत्रकात बसत नाही.

ब्रिग्जने १९८२ पासून पॉइंट काढून टाकून मॅग्नेट्रॉन नावाची इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, आणि टिलरचे इंजिन त्यानंतरचे असल्यामुळे तिची कॉइल तीच आहे. जुन्या फ्लायव्हीलच्या चुंबकांशी ती जुळते की नाही या प्रश्नात न शिरता कॉइल आणि फ्लायव्हील दोन्ही टिलरचीच बसवली. जुने पॉइंट काढले आणि दांडीच्या भोकाला बूच मारले, नाहीतर ऑइलला आता मोकळीच वाट मिळाली असती.

फ्लायव्हील शाफ्टवर नेमक्या जागी बसवणारी छोटी चावी मुद्दाम मऊ धातूची केलेली असते, आणि ती तीन डॉलरला नवी आणली. जुन्या चावीवर निम्म्या उंचीला एक बारीक पायरी पडली होती. डोळ्याला ती क्षुल्लक वाटते, परंतु तेवढ्याने ठिणगीची वेळ चुकते आणि स्टार्टरची दोरी हाताला झटका देते. काही जण तिथे पोलादी चावी ठोकतात. धक्का बसला की चावीने मोडावे आणि क्रँक वाचावा अशी ती योजना आहे, त्यामुळे पोलादी चावी घालणे म्हणजे फ्यूजच्या जागी तार जोडण्यासारखे आहे.

कॉइल आणि फ्लायव्हील यांच्यामध्ये १० ते १४ थाऊ अंतर हवे. फिलर गेजने बघितले, पण साधे पोस्टकार्ड मध्ये धरून, चुंबकाला कॉइल ओढू देऊन स्क्रू आवळले तरी जवळपास तेच माप येते. प्लग बाहेर काढून हेडला टेकवला, दोरी ओढली आणि अंधाऱ्या गॅरेजमध्ये निळी ठिणगी स्पष्ट दिसली.

२५ नोव्हेंबर

थँक्सगिव्हिंगच्या सुटीत हेड उघडले. पिस्टनवर कार्बनचा जाड थर होता. तो लाकडी पट्टीने खरवडला, कारण पोलादी पात्याने ॲल्युमिनियमवर ओरखडे उठतात. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून हेड त्यावर आठच्या आकड्यात घासले, तेव्हा एक्झॉस्टच्या बाजूला खळगा असल्याचे दिसून आले. गॅस्केट तिथूनच फुटले होते. सर्व पृष्ठभाग सारखा राखाडी होईपर्यंत घासत राहिलो.

व्हॉल्व्हच्या फटी मोजताना पिस्टन अगदी वरच्या टोकाला ठेवून चालत नाही. वर उल्लेखलेल्या दाब सोडणाऱ्या उतारामुळे तिथे इनटेकचा व्हॉल्व्ह किंचित उचललेला असू शकतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकापासून दोन सूत खाली गेल्यावर माप घ्यायचे. इनटेकला ५ ते ७ थाऊ हवेत, मला ६ मिळाले. एक्झॉस्टला ९ ते ११ हवेत आणि तिथे जेमतेम ५ होते. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे आपल्या बैठकीत खाली बसत गेला की त्याची दांडी तिला खालून ढकलणाऱ्या टॅपेटच्या जवळ येते. इंजिन तापल्यावर दांडी वाढते, फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. या इंजिनात फट जमवायला स्क्रू नाही. दांडीचे टोकच घासून कमी करावे लागते, आणि जास्त घासले गेले तर भरून काढण्याचा मार्ग नाही. आधी पेस्ट लावून व्हॉल्व्ह बैठकीवर घोळवून घेतला, कारण घोळवल्याने तो आणखी थोडा खाली बसतो आणि फट पुन्हा कमी होते. मग टोक काटकोनात राहावे म्हणून व्ही-ब्लॉकमध्ये धरून ऑइलस्टोनवर चार-चार फेऱ्या घासत आणि दर वेळी बसवून मोजत १० थाऊपर्यंत आणले. संध्याकाळ त्यातच गेली.

आठ डॉलरचे नवे गॅस्केट घालून हेडचे बोल्ट तीन टप्प्यांत १४० इंच-पाउंडांपर्यंत आवळले. आठपैकी तीन बोल्ट लांब आहेत आणि ते एक्झॉस्टच्या बाजूचे. त्यांची अदलाबदल केली तर आटे निघून हातात येतात.

९ डिसेंबर

कार्ब्युरेटर. याला पल्सा-जेट म्हणतात आणि त्याची रचना मला फार आवडली. तो थेट पेट्रोलच्या टाकीवर बसतो. त्याच्या खाली दोन नळ्या लोंबतात, एक लांब आणि एक आखूड. पिस्टन हवा आत ओढतो तेव्हा दर वेळी इनटेकमध्ये जी ओढ निर्माण होते, तिने कार्ब्युरेटरच्या कुशीतला एक पडदा आत-बाहेर थरथरतो आणि पंपासारखे काम करत लांब नळीतून टाकीच्या तळाचे पेट्रोल वर खेचून टाकीच्याच माथ्यावर असलेल्या छोट्या वाटीत टाकतो. जास्तीचे पेट्रोल वाटीच्या काठावरून टाकीत परत सांडते. आखूड नळी त्या वाटीतूनच पेट्रोल घेते, म्हणून टाकी काठोकाठ भरलेली असो की तळ गाठलेली, इंजिनाला पेट्रोल नेहमी सारख्याच उंचीवरून मिळते. फ्लोट नाही, त्याची सुई नाही, वेगळा पंप नाही. हे सर्व काम नखाएवढ्या जाडीच्याही नसलेल्या त्या पडद्यावर चालते, आणि तो कडक झाला की इंजिन चार फटके मारून बंद पडते.

आमचा पडदा पापडासारखा वाळला होता. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असते आणि १९७४ च्या रबराला ते मानवत नाही. पडदा आणि गॅस्केटांचा संच १२ डॉलरला मिळाला. लांब नळीच्या टोकाची जाळी वाळलेल्या पेट्रोलच्या पिवळ्या लाखेने पूर्ण बंद होती. क्लीनरमध्ये बुडवून ठेवल्यावर ती मोकळी झाली. टाकीच्या आत गंज होता, म्हणून मूठभर नट आणि पांढरे व्हिनेगर घालून ती हलवत राहिलो, नंतर सोड्याच्या पाण्याने खळबळून लगेच वाळवली आणि आतून ऑइलचा हात फिरवला. मिश्रणाची सुई हलक्या हाताने टेकवून दीड फेरा उघडी ठेवली आहे.

६ जानेवारी २०२४

चौकट. ओळंबा आणि दोरी लावून पाहिले. चौकट सरळ आहे आणि पुढचा फाटा फक्त किंचित डावीकडे ओढलेला आहे. इंजिनाच्या पाट्याखालच्या वेल्डला मात्र बोटभर तडा गेला आहे. ही गाडी बंद का पडली याचे खरे उत्तर तेच असावे, कारण पाटा हलला की साखळीची रेषा बिघडते आणि साखळी उतरत राहते. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि कानशीने खाच करून दिली. वेल्डिंग शेजारच्या गृहस्थांनीच केले. पैसे घेईनात, लिंबाच्या लोणच्याची बरणी मात्र त्यांनी स्वतः मागून घेतली.

१३ जानेवारी

लहान लोखंडी भागांचा गंज विजेने काढतो आहे. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होते. यातून हायड्रोजन सुटतो, म्हणून कडाक्याच्या थंडीतही बादली बाहेरच ठेवली आहे आणि चार्जर बंद केल्याशिवाय चिमटे सोडवत नाही.

१० फेब्रुवारी

चाके दोन अर्ध्यांची आहेत आणि ती बोल्टांनी जोडलेली असतात. व्हॉल्व्हची आतली पिन काढून हवा संपूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय हे बोल्ट सैल करू नयेत. आत दाब असेल तर रिमचे अर्धे तोंडावर येते. ४.१०/३.५०-६ मापाचे टायर ढकलगाडीलाही लागतात आणि त्या दुकानात ते निम्म्या किमतीत मिळतात, पण ते माणसाच्या चालीसाठी बनवलेले असतात. मी वेगाला चालतील असे दोन टायर ट्यूबसह ४६ डॉलरना मागवले. गाडी सोडली तर संपूर्ण प्रकल्पातली ही सर्वांत मोठी खरेदी आहे आणि ती तशीच असायला हवी. बेअरिंगचे १४ डॉलर वेगळे.

२४ फेब्रुवारी

ब्रेक मागच्या चाकालाच आहे: साडेचार इंची ड्रम आणि त्याभोवती अस्तर लावलेला पट्टा. पट्ट्याचे अस्तर झिजून रिव्हेट वर आले होते, नवा पट्टा १५ डॉलर आणि केबल ९ डॉलर.

बसवताना लक्षात आले की यापूर्वी कोणीतरी हा ब्रेक उलटा जोडला होता. पट्ट्याचे एक टोक चौकटीला पक्के असते आणि दुसरे लिव्हर ओढते. लिव्हरने ओढण्याची दिशा आणि ड्रमची फिरण्याची दिशा एकच असेल, तर ड्रम स्वतःच पट्टा आपल्याभोवती आवळून घेतो. दिशा विरुद्ध असेल तर ड्रम पट्टा सैल करायला बघतो आणि सारे काम हाताच्या जोरावर येते. घर्षणाचा गुणांक ०.३ धरला आणि पट्टा ड्रमला पाऊण वेढा घालत असेल, तर हिशेबाने दोन्हींत चौपट फरक पडतो: तेवढ्याच जोराने लिव्हर दाबली तरी एका जोडणीत गाडी थांबते आणि दुसरीत रेंगाळत पुढे जाते. पक्क्या टोकाचा खुंट ड्रमच्या दुसऱ्या बाजूला घेतला. त्यासाठी एक पट्टी कापून वेल्ड करावी लागली, खर्च काहीच नाही.

९ मार्च

साखळी ३५ नंबरची, म्हणजे तीन सूत पिचची, १२ डॉलर. क्लचला १२ दाते, मागच्या चाकाला ७२. इंजिन गव्हर्नरमुळे ३,६०० फेऱ्यांवर अडते, सहास एक या प्रमाणात चाक मिनिटाला ६०० वेळा फिरते, आणि बारा इंच व्यासाच्या टायरला ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेग मिळतो. मागे ६० दातांचे चक्र लावले तर तो ४१ होईल, आणि बघणारे प्रत्येक जण तेच सुचवतात. परंतु हा क्लच साधारण २,००० फेऱ्यांना पकड घेतो. ७२ दात्यांवर ही पकड ताशी १९ किलोमीटरला येते, ६० वर २३ ला. त्याखालच्या वेगात क्लच घसरत आणि तापत राहतो. अंगणात आणि शेताच्या बांधावर गाडी बहुतेक वेळ त्याखालीच चालणार आहे. ७२ चेच राहतील.

गव्हर्नर काढून टाकण्याचा सल्लाही मिळाला. फेऱ्या दुप्पट केल्या की फिरणाऱ्या भागांवरचा ताण चौपट होतो, आणि पन्नास वर्षांचा ॲल्युमिनियमचा रॉड व ओतीव फ्लायव्हील चालवणाऱ्याच्या पोटरीपासून वीतभर अंतरावर आहे. त्या सल्ल्यावर यापेक्षा अधिक लिहावेसे वाटत नाही.

१३ एप्रिल

हवा दहा अंश सेल्सिअसच्या वर टिकू लागल्यावरच रंग मारायला घेतला. थंडीत मारलेला रंग वरून वाळतो आणि आत ओला राहतो. प्रायमरचा एक आणि हिरव्या रंगाचे दोन डबे मिळून १६ डॉलर. इंजिनाच्या पाट्याखाली मूळचा चमकदार हिरवा रंग सापडला होता, त्याच्याशी तो अगदी मिळत नाही. पुढच्या फाट्यावरचा जुना रंग बराच टिकून आहे, त्याला हात लावला नाही. लांबी भरून खड्डे बुजवण्याचा मोहही आवरला. सीटसाठी प्लायवूड घरातलेच, फोम जुन्या कॅम्पिंग गादीचा आणि रेक्झिनचा तुकडा ६ डॉलरचा.

२७ एप्रिल

एसएई ३० ऑइल सव्वा पाइंट, म्हणजे सुमारे ५९० मिली, नवा प्लग ३० थाऊच्या फटीवर. दोन्हींचे १० डॉलर. मागचे चाक ठोकळ्यावर उचलून ठेवले. थ्रॉटलची स्प्रिंग हात सोडताच मिटते हे पाहिले, बंद करण्याची तार हेडला टेकवल्यावर ठिणगी जाते हेही पाहिले, आणि मगच दोरी ओढली. पडदा कोरडा असल्यामुळे पहिल्या काही ओढींना काहीच झाले नाही. चोक ओढून, प्लगच्या भोकात चमचाभर पेट्रोल घालून पुन्हा ओढल्यावर इंजिन पेटले, पांढरा धूर ओकले आणि चालू राहिले. ते तापल्यावर मिश्रणाची सुई आत घेत गेलो, अडखळले तिथे खूण केली, बाहेर घेत गेलो, जड झाले तिथे दुसरी खूण केली आणि दोन्हींच्या मध्ये ठेवली. थ्रॉटल अचानक उघडला तर अजून किंचित दबते, म्हणून सुई पाव फेऱ्याच्याही निम्म्याने बाहेर घेतली.

मंद चाल १,७५० फेऱ्यांवर ठेवली आहे. तिथे क्लच सुटलेला राहतो आणि चाक जागचे हलत नाही.

४ मे

शेजाऱ्यांच्या शेतात चालवली. दिवे नाहीत, नोंदणी नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर नेण्याचा प्रश्नच नाही. ब्रेक सुरुवातीला करकरला; हलका दाबून दहा-बारा वेळा थांबवल्यावर अस्तर ड्रमला बसले आणि आता कोरड्या गवतात मागचे चाक जागीच धरते. साखळी नवी असल्याने ताणली. इंजिन पाट्यावर मागे सरकवून मधोमध अर्धा इंच झोल ठेवला आणि लांब पट्टी लावून दोन्ही चक्रे एका रेषेत असल्याचे पुन्हा तपासले.

पहिल्या तासाभरानंतर गरम असतानाच ऑइल काढून कॉफीच्या फिल्टरमधून गाळले. राखाडी झाक आहे, चमकता कण एकही नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावर हेडचे बोल्ट तपासले, एक्झॉस्टकडचे दोन पाव फेऱ्याच्या निम्म्याने फिरले.

आजपर्यंतचा खर्च गाडीसह २३१ डॉलर. उरलेल्या १९ मध्ये सायलेन्सरची जाळी बसवायची आहे, कारण वाळल्या गवतात ठिणगी उडणे परवडणारे नाही. मुलगी "बाबा, मी कधी?" असे विचारते आहे. तिच्या मापाचे हेल्मेट गाडीच्याच किमतीच्या घरात जाते आणि ते या अंदाजपत्रकात धरलेले नाही. ते आधी येईल.